मशीनवरची टिकली

"पाव इंच म्हणजे पाव इंच! एका दोऱ्याचा जरी फरक पडला ना, तर मी पुन्हा शिवणाला हात लावणार नाही," असं म्हणून मी टेबलावर हात आपटला.

टेबलावर कॅरमबोर्ड होता. सोंगट्या उडाल्या. राणी थेट दमयंतीकाकूंच्या चहात पडली.

काकूंनी ती चमच्यानं बाहेर काढली, पदराला पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. "नको लावू हात. पण हे बारसं होईस्तोवर तरी लाव, बाई."

ह्याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. तिथल्या समाजमंदिरात दुपारी महिला मंडळ भरायचं आणि संध्याकाळी पुरुष कॅरम खेळायचे. हंगाम संपला होता, पण मळीचा वास अजून पडद्यांतून गेला नव्हता. त्या दिवशी आम्ही चौघीच होतो. मी, लॅबमधल्या निकमांची बायको. शेजारच्या दमयंतीकाकू, ज्यांच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढी टिकली असायची आणि जिभेवर तेवढंच मोठं काहीतरी. उसाच्या वजनकाट्यावरच्या मुजावरांच्या रेहानाभाभी. आणि मालनताई.

गोधडी मालनताईंची होती. म्हणजे त्यांच्या मुलीच्या बाळाची, पण मालनताईंच्या यजमानांच्या शर्टांची.

त्यांचे यजमान, घोरपडे, बॉयलरवर कामाला होते. मुलीनं, वैजूनं, दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा त्यांनी त्या मुलाच्या वडिलांना वसाहतीच्या गेटवर उभं करून चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं आणि वैजूचं नाव घरात काढायचं नाही असं सांगून टाकलं. पुढं ते अचानक गेले. मालनताई कारखान्याच्या कॅन्टीनला लागल्या, पण वैजूचं नाव बंदच राहिलं. आता चार वर्षांनी तिचा आमच्या घरी फोन आला. निपाणीहून. मुलगा झाला होता. "काकी, आईला सांगा, बुधवारी बारसं आहे. ये म्हणावं. आणि बाबांच्या शर्टांची गोधडी आण म्हणावं. पाळण्यात तीच घालायचीय."

मालनताईंनी निरोप ऐकला, घरी गेल्या आणि शर्टांचं गाठोडं आणून माझ्या दारात ठेवलं.

"निकमवहिनी, गोधडी झाली तर मी जाईन. मोकळ्या हातानं त्या दारात कशी उभी राहू? ह्यांनी त्या माणसाला काय काय बोललंय, मी होते तिथं."

तर प्रश्न इतकाच होता. गोधडी झाली तर आई लेकीकडे जाणार, नाही तर नाही.

दमयंतीकाकूंचं म्हणणं होतं, चार जुन्या साड्या एकावर एक टाकू, वर शर्टांचे तुकडे लावू, घालू धावदोरा, दोन दुपारी बसलो की झालं. पण मी नुकतीच पुण्याला नणंदेकडे जाऊन गोधडीचा चार दिवसांचा वर्ग करून आले होते. प्रमाणपत्राला प्लास्टिक लावून ते टीव्हीवर उभं केलं होतं. वर्गात मी एकच उशीचा अभ्रा केला होता आणि त्यातलाही अर्धा बाईंनी केला होता, हे मी वसाहतीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"काकू, ठिगळं नाही लावायची. चौकोन करायचे. नऊ तुकड्यांचा एक चौकोन, प्रत्येकीनं पाच चौकोन. मग वीसच्या वीस जोडायचे. आता नीट ऐका."

आणि मी त्यांना माया समजावून सांगितली. दोन तुकडे जोडले की शिलाईच्या पलीकडे जी कड आत दडते, तिला शिंपी माया म्हणतात. ब्लाउजला ती जास्त ठेवली तर बरंच, अंग सुटलं की उसवता येतं. पण अशा चौकोनात ती जरा वाढली की चौकोन आकसतो, जरा कमी झाली की फुगतो, आणि मग शेजारच्या चौकोनाशी त्याचं जमत नाही. म्हणून माया सगळीकडे पाव इंच.

"आणि ते मशीनवर कळायचं कसं?" काकूंनी विचारलं.

आमच्या सगळ्यांच्या मशिनी जुन्या, काळ्या, पायानं मारायच्या. सुईखालच्या पत्र्यावर ना रेघ, ना आकडा. ह्यावर माझ्याकडे माझी स्वतःची युक्ती होती. तिचा मला फार अभिमान होता.

"टिकली! सुईपासून पट्टीनं पाव इंच मोजायचं, तिथं पत्र्यावर टिकली चिकटवायची. कापडाची कड टिकलीला लावून धरायची आणि मारायचं मशीन. संपलं!"

दमयंतीकाकू उगाच खोकल्या. मला वाटलं, राणीचा रंग चहात उतरला असेल.

"मी कुठनं आणू टिकली?" रेहानाभाभी म्हणाल्या. "आमच्यात कोण लावतंय?"

"माझ्या पाकिटातली देते."

"नको नको. सासू मशीन पुसायला आली तर म्हणेल, सून मशीनची पूजा करती. मी जखमेवरची चिकटपट्टी लावते."

 मालनताईंनी आपल्या वाटणीचे तुकडे मोजून घेतले आणि त्या गेल्या. तुकडे मी पुठ्ठ्याच्या साच्यावर कापलेले होते, ते सगळे एकसारखे होते, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

बारशाच्या आधीच्या रविवारी आम्ही चौकोन जोडायला समाजमंदिरात सतरंजी घातली. मी टेप गळ्यात घालून गेले होते.

पहिल्यांदा काकूंनी पिशवी उलटी केली. पाच चौकोन पडले. बशी झाकायला बरे.

"काकू, बाकीचा कुठंय?"

"कशाचा बाकीचा?"

"साडेसहा इंच यायला पाहिजे. हा साडेचार आहे!"

"तू म्हणालीस कड टिकलीला लावा. मी लावली."

"टिकलीच्या काठाला!"

"काठाला कुठं म्हणालीस? टिकलीला म्हणालीस. मी बरोब्बर मध्यावर धरली. कपाळावर लावताना काय आपण काठ मोजतो?" त्यांनी स्वतःच्या कपाळाकडे बोट केलं. मशीनवर त्यांनी त्याच मापाची टिकली लावली होती. त्यामुळे प्रत्येक शिवणीत अर्धा इंच जादा गेला होता, आणि मुलाच्या आजोबांचे निम्मे शर्ट आतल्या बाजूला बसले होते.

रेहानाभाभींनी आपले पाच ठेवले. 

"हा चौकोन आहे?" मी विचारलं.

"चार कोपरे आहेत की. मोजा."

कोपरे चार होते, पण त्यांतला एक निपाणीकडे आणि एक कोल्हापूरकडे गेला होता. संक्रांत असती तर लोकांनी उडवले असते. भाभींनी चिकटपट्टी तिरकी लावली होती. "सरळ लावायला गेले तर आमचं बाळ रडायला लागलं. परत काढायला गेले तर निघेना. जखमेवरची आहे ना, धरून ठेवते."

"असू दे," मी मोठ्या मनानं म्हटलं. "आता हे बघा, कसे पाहिजेत ते." आणि माझे पाच एकावर एक रचले. खरंच, कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. जणू साबणाची वडी. मी टेप लावला.

सहा इंच.

"टेप आखडलाय," मी म्हणाले.

काकूंनी आपला टेप दिला. त्यातही सहाच.

"हवा दमट आहे," मी म्हणाले. 

रेहानाभाभी माझ्या पिशवीतली पट्टी उलटसुलट करून बघत होत्या. आमच्या अभयच्या कंपासपेटीतली, लाकडी. "वहिनी, तुम्ही सुईपासून पाव इंच ह्या पट्टीनं मोजलं?"

"ह्याच."

"ह्या पट्टीला शून्याच्या आधी मोकळी जागा आहे. हे बघा एवढी. तुम्ही टोक सुईला लावलं असंल."

मी पट्टी हातात घेतली. शून्य होतं, जरा आत बसलेलं. सहावीतल्या पोराला माहीत असतं की शून्यापासून मोजायचं. पण सहावीतल्या पोराकडे प्रमाणपत्र नसतं. माझे चौकोन अगदी एकसारखे चुकले होते.

काकू हसायला लागल्या त्या थांबेचनात. टिकली घामानं घसरून भुवईवर आली. "पाव इंचवाली!" त्या म्हणाल्या. वसाहतीत पुढची कित्येक वर्षं मला ह्याच नावानं भाजीवाल्यापर्यंत सगळे हाक मारत होते.

ह्या गडबडीत मालनताईंनी आपले पाच चौकोन एका ओळीत मांडले होते. पहिला बरोब्बर साडेसहा. मी दोनदा मोजला. दुसरा त्याच्याहून थोडा मोठा. तिसरा आणखी. पाचवा पुरा सात.

"मालनताई, हे वाढत कसे गेले?"

"टिकली हलली असंल."

"सुईकडे सरकत गेली ना? मग माया कमीच होणार. अहो, नवी लावायची! पाकिटात दहा-बारा असतात, त्यात काय एवढं!"

"शैला," काकू एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "चहा घे."

"मला नकोय चहा."

"घे म्हणते ना."

मालनताई चौकोन गोळा करत होत्या. सगळ्यांचेच. एकावर एक ठेवले तर त्या ढिगाचा नुसता मनोरा झाला, वर बशा आणि खाली पतंग. त्यांनी तो गाठोड्यात बांधला. "राहू द्या, वहिनी. तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ केलं. वैजूला कळवा, आईची तब्येत बरी नाही."

"अहो पण..."

"बरी नाही म्हणावं." आणि गाठोडं काखेत मारून त्या गेल्या.

सोमवारी सकाळी मी शून्यापासून सुरू होणारी पट्टी घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. मालनताई कॅन्टीनची भाजी निवडत होत्या. मशीन खिडकीशी होतं. मी त्यांना काही न विचारता सरळ मशीनपाशी गेले, कारण मला चूक कुठं झाली ते बघायचं होतं. दुसऱ्याची.

पत्र्यावर टिकली होती. गडद मरून, कापडी, कडा सुटलेली, रंग उडालेला. भोवती पांढरं काहीतरी वाळून पापुद्रा धरलेला. सुईच्या अगदी जवळ सरकून आली होती.

"ही कसली जुनाट टिकली लावलीत? आणि हे पांढरं काय?"

"कणकेची खळ. गोंद गेलेला तिचा."

"मग ओल्या खळीवर घसरणारच! अशी टिकली कुठं मिळाली तरी तुम्हाला?"

मालनताईंनी मान वर केली नाही. मेथीची पानं खुडत राहिल्या. "आरशावर होती."

मशीनच्या वर भिंतीला आरसा होता, हातभर. धूळ पुसलेला. त्यावर उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग होता, काचेपेक्षा वेगळा.

"ते गेले त्या दिवशी सकाळी मी आंघोळीला जाताना काढून लावली होती आरशावर. नेहमी लावायचे तशी. आंघोळ करून आले, तोवर गेटवरनं माणूस आला." त्यांनी काडी बाजूला टाकली. "मग परत घेतलीच नाही. आणि घासून काढायलाही हात होईना. राहिली तिथंच. तुम्ही म्हणालात, टिकली लावा. आता दुकानात जाऊन पाकीट मागायचं म्हणजे तो आधी माझ्या कपाळाकडं बघणार. म्हटलं, ही आहेच की घरात."

मी हातातली पट्टी खाली ठेवली. 

"काही बोलू नको," मागनं आवाज आला. दमयंतीकाकू दारात उभ्या होत्या, हातात कात्री आणि शेजारी रेहानाभाभी, भाभींच्या कडेवर बाळ. "बोलायचं काम तुझ्याकडनं झालंय. आता उसव."

"कशाला उसवायचं?" मालनताई म्हणाल्या. "मी जाणार नाही म्हटलं ना."

"जाऊ नको. कोण म्हणतंय जा? शिव तेवढं."

आम्ही तिघी खाली बसलो आणि वीसच्या वीस चौकोन उसवायला घेतले. तुकडे मुळात एका मापाचे होते, त्यामुळे कापड कुठंच कमी पडणार नव्हतं, नुसतं पुन्हा शिवायचं होतं. नुसतं म्हणायला. काकूंनी प्रत्येक शिलाई तीनदा मारली होती. "पोराचं आहे, मजबूत पाहिजे," असं त्यांनीच आधी ठरवलं होतं, आता त्याच शिलाईला त्या शिव्या देत होत्या. उसवल्यावर खाकी कापडावर सुईच्या भोकांच्या ओळी राहिल्या.

"आता शिवायचं एकाच मशीनवर," मी म्हणाले. "एकीनंच."

"तू नको," काकू आणि भाभी एकदम म्हणाल्या.

मालनताई उठल्या. हात धुतले. मशीनवरची टिकली त्यांनी नखानं कड उचलून अलगद सोडवली आणि आरशावर तिच्या जागेवर पुन्हा लावली. ओल्या बोटानं वाळलेली खळ भिजली, टिकली जरा खाली घसरली आणि तिथं थांबली. मग रेहानाभाभींनी चिकटपट्टी दिली, मी पट्टी धरली, आणि पट्टीचं शून्य सुईलाच आहे की नाही ते तिघींनी आळीपाळीनं वाकून बघितलं. माझ्यावरचा विश्वास तोपर्यंत पुरता उडाला होता.

मंगळवारी दुपारपर्यंत वीस चौकोन झाले. साडेसहा, साडेसहा, साडेसहा. मी टेप लावत गेले आणि दर वेळी मोठ्यानं आकडा सांगत गेले, जणू मीच शिवत होते. मग ते जोडले, खाली मालनताईंच्याच एका फिक्या सुती साडीचं अस्तर लावलं, धावदोरा घातला. खाकी आणि निळ्या रेघा. एका तुकड्यात घोरपड्यांच्या खिशावरचा शाईचा डाग आला होता. तो मध्येच घ्यायचा, असं मालनताई म्हणाल्या, म्हणून मध्येच घेतला. फक्त एका बाजूची कड दुमडून शिवायची राहिली.

"आता चल," काकू म्हणाल्या.

"गोधडी तुम्ही द्या. मी नाही येत."

"बरं. वैजूच्या दारापर्यंत तरी ये. आम्हाला घर माहीत नाही."

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"मग सगळ्याच मिळून शोधू."

बुधवारी कारखान्याची जीप सुट्या भागांसाठी निपाणीला जाणार होती. आमच्या ह्यांनी शब्द टाकला आणि चौघींना मागं बसवलं. समोरासमोर दोन बाकडी. मालनताईंनी धुतलेली सुती साडी नेसली होती, गोधडीच्या अस्तरासारखीच फिकी. गोधडी त्यांच्या मांडीवर. मी शेजारी बसून राहिलेली कड हातानं शिवत होते. रस्ता असा की प्रत्येक टाक्याला एक खड्डा. दोनदा सुई माझ्या अंगठ्यात गेली, एकदा काकूंच्या गुडघ्यात.

"मला तुम्ही लोकांनी फसवून आणलंय," मालनताई निपाणीच्या अलीकडे म्हणाल्या. "पण मी खाली उतरणार नाही. वैजूच्या सासऱ्यासमोर मला उभं राहता येणार नाही. गोधडी द्या, आणि चला."

"बरं," मी म्हणाले आणि शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला.

घर सापडलं. दाराला झेंडूची माळ होती. ओसरीत वैजूचे सासरे उभे होते, हात मागं बांधून. सासूबाई उंबऱ्यात. जीप थांबली तशी वैजू बाहेर आली. बाळंतपणानं चेहरा ओढलेला. जीपच्या मागं येऊन उभी राहिली.

आई आणि लेक एकमेकींकडे बघत होत्या. चार वर्षांनी.  काकूंनी मला कोपर मारलं, मी भाभींना मारलं, भाभींना मारायला कुणी उरलं नव्हतं.

"गोधडी आणलीस, आई?" 

"आणलीय. घे." मालनताईंनी मांडीवरची गोधडी उचलून तिच्या हातांत दिली. "मी हितंच बसते. तू जा. बाळ रडत असंल."

वैजूनं गोधडी छातीशी धरली. खाली बघितलं, तर नेमका तो शाईचा डाग. तिनं तोंड गोधडीत घातलं आणि वळून भराभरा घराकडे निघाली. रडताना कुणी बघू नये म्हणून असेल.

दोन पावलं गेली आणि मालनताईंचा पदर ताठ झाला.

"अगं," त्या म्हणाल्या. "अगं, अगं, वैजू!"

वैजूला ऐकू येईना. मालनताईंनी खांद्यावरची साडी एका हातानं धरली आणि जीपच्या पायरीवर पाय टाकला. टाकावाच लागला. मग खाली. मग अंगणातून, एका हातानं पदर आवळत, लेकीच्या मागनं दोन हातांच्या अंतरावर, जवळजवळ पळत. ओसरीची पायरी चढल्या. सासरे समोर होते. मालनताईंना थांबता येत नव्हतं. ते पटकन बाजूला झाले आणि नमस्काराला हात जोडून म्हणाले, "या."

आणि त्या आत गेल्या.

जीपमध्ये काकू माझ्याकडे बघत होत्या. "शैला, काय केलंस?"

"कड शिवली," मी म्हणाले.

"कशाला शिवलीस?"

आम्ही आत गेलो तेव्हा उलगडा झाला. अस्तर आणि पदर एकाच रंगाचे होते, आणि मी गोधडीची कड मालनताईंच्या पदरासकट दुमडून घेतली होती. वीतभर, बारीक टाक्यांनी. मी कात्री मागितली. वैजूच्या सासूबाई म्हणाल्या, बारशाच्या वेळी घरात कापाकापी नको, पाळणा झाल्यावर बघू.

गोधडी पाळण्यात घातली, तिच्यावर बाळ ठेवलं. नाव ठेवून, पाळणे म्हणून, घुगऱ्या वाटून होईपर्यंत मालनताई पाळण्यावर वाकून उभ्या होत्या. पाळण्याला झोका दिला की त्याही पुढं-मागं जायच्या. संध्याकाळी त्यांची कंबर धरली, त्यांना जीपमध्ये चढता येईना, म्हणून त्या महिनाभर तिथंच राहिल्या.